दोन जावांचा एक जोड

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. रंग म्हणाल तर एके काळी राखाडी होता. आता त्याला नेमकं काय म्हणावं हे मलाही सांगता येत नाही. माझा डावा जोडीदार शेजारीच आडवा पडलाय. तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे आमच्या दोघांची हकिगत मलाच सांगावी लागते. आणि खरं सांगू का, मला ते आवडतं. कारखान्यात मला जीभ बसवली, ती काय उगाच?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे कुणी कापड कापत होतं, कुणी शिलाई मारत होतं, कुणी रबराचा तळ गरम करून दाबून चिकटवत होतं. इतक्या हातांतून गेलो, पण एकाही हाताने मला वाईट वागवलं नाही. मग आम्हा दोघांना डोकं-पाय करून एका खोक्यात निजवलं आणि खोकं एका दुकानात आलं. दुकानात वरच्या फळ्यांवर आमची श्रीमंत भावंडं मिरवत होती. कुणाच्या तळात हवा भरलेली, कुणाच्या टाचेत चमचमणारे दिवे. आम्ही आपले सगळ्यात खालच्या फळीवर. रोजच्या वापराचे, साधे, खिशाला परवडणारे. गिऱ्हाईक वाकलं तरच दिसणार. वाकून बघणारं माणूस कधी येतंय याची आम्ही वाट बघत बसायचो.

एका संध्याकाळी दोन बायका आल्या. त्या एकमेकींच्या जावा. थोरली एका सोफ्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची. तिथे उभ्याने टेबलावर कव्हरांचं कापड कापायचं काम होतं. धाकटी दुपारनंतर एका मोठ्या किराणा दुकानात माल फळ्यांवर लावायला जायची. दोन्हीकडे नवीन नियम निघाला होता की चपला बंद, पाय झाकणारे बूट घालूनच कामावर या.

थोरलीला बूट हवे होते त्याला आणखी एक कारण होतं. तिच्या तळपायांची आग व्हायची. इतकी, की घरी आल्यावर ती आधी थंड फरशीवर पाय टेकवून बसायची आणि मगच कुणाशी बोलायची. साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांपासून होता. गोळ्या होत्या, पण आठवण झाली तर घ्यायची. घरातले म्हणू लागले होते, आता पुरे झालं, घरी बस. थोरलीला नेमकी त्याचीच धास्ती. कारखान्यात तिच्याइतका सरळ काप कुणाचा नव्हता, आणि हातात कात्री आली की तिला हुरूप यायचा. बूट चांगले मिळाले तर पाय टिकतील, पाय टिकले तर काम टिकेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

दुकानदारकाका भला माणूस. महागाचा माल गळ्यात मारणाऱ्यांतला नव्हता. त्याने आधी दोघींना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की संध्याकाळी आलात हे बरं केलंत, दिवसभरात पाय थोडे फुगतात, तेव्हा घेतलेला बूट पुढे चावत नाही. मग त्याने आम्हाला हातात घेऊन चवड्यापाशी वाकवून दाखवलं. बूट इथे वाकायला हवा, मध्येच दुमडला तर समजायचं काही खरं नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. गालिच्यावर नको, साध्या फरशीवर चालून बघा. थोरलीने तर आम्हाला वांगी निवडावीत तसं उलटसुलट करून, दाबून, वास घेऊन पाहिलं. मला आपला गुदगुल्यांचा त्रास, पण गप्प राहिलो.

शेवटी काकाने विचारलं, "माप कुणाचं घेऊ?"

"वयाने मी मोठी, पायाने ही," थोरली म्हणाली. "हिच्या मापाचा द्या. एकच जोड हवाय, दोघींत."

काकाला वाटलं बाई थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती. दोन हलके जोड घेण्यापेक्षा एक बरा जोड घ्यायचा, सकाळी थोरलीने घालायचा आणि दुपारी धाकटीने, असं जावाजावांनी घरूनच ठरवून आणलं होतं. त्यांच्यात सगळंच असं सामायिक. छत्री एक, पर्स एक, चष्म्याचं घरसुद्धा एक. काकाने परोपरीने सांगितलं की बुटालाही विसावा लागतो, आतला घाम वाळायला वेळ लागतो, आणि प्रत्येक पायाचा साचा वेगळा. जावांनी माना डोलावल्या आणि तरीही एकच जोड घेतला.

तर अशी आमची दुहेरी नोकरी सुरू झाली. दुपारी थोरली घरात शिरायची तेव्हा धाकटी मोजे घालून दारातच उभी असायची. तिथेच उंबऱ्यावर आमची अदलाबदल व्हायची. एकीच्या पायाची ऊब अजून आत असायची तोवर दुसरीचा पाय आत. थोरलीला मी जरा सैल व्हायचो, म्हणून ती कारखान्यातल्या टाकाऊ स्पंजाची गादी कापून आत घालायची. धाकटी ती गादी काढून खिडकीत ठेवायची आणि मग मला चढवायची. गादी दबून चपटी झाली की थोरली कारखान्यातून नवा तुकडा आणायची. दमणूक व्हायची, नाही असं नाही. पण मित्रांनो, जो बूट दोन माणसांना हवाहवासा वाटतो त्याला दमायला फुरसत कुठली?

आणि मग एक नवल घडलं. काही महिन्यांतच थोरलीच्या पायांची आग कमी होऊ लागली. होता होता ती पार थांबली. ती घरी यायची आणि फरशीवर न बसता सरळ स्वयंपाकाला लागायची. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. जो भेटेल त्याला ती पाय पुढे करून दाखवायची, की हे बघा, औषधाने गेलं नाही ते या बुटांनी घालवलं. शेजारीण मला हातात घेऊन बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तसाच जोड घेऊन आली. कारखान्यातल्या दोघीतिघींनी दुकानाचा पत्ता विचारून घेतला. खालच्या फळीवरचा मी, माझी छाती अशी फुगली की नाडी तुटायची बाकी राहिली. डावा तेव्हाही काही बोलला नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती, दुसरं काय!

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. पायाची आग थांबली होती, कारण पायाला काही कळेनासंच झालं होतं. हे ना थोरलीला ठाऊक, ना मला.

एका सकाळी थोरलीने नव्या स्पंजाची गादी आत सारली. तिला दिसलं नाही, पण त्या तुकड्यात एक बारीक खिळा अडकून राहिला होता, सोफ्याला कापड ठोकतात तसला. तिने पाय घातला, नाडी बांधली, उभी राहिली. खिळ्याचं टोक मोज्यातून वर तिच्या तळव्यात गेलं. मला ते लख्ख कळलं. आता ही किंचाळेल, मला उपसून फेकेल, असं मला वाटलं. ती शांतपणे दाराला कडी लावून चालायला लागली.

काय सांगू तुम्हाला! प्रत्येक पावलाला तो खिळा आत जात होता आणि ती वाटेत भेटणाऱ्यांशी हसून बोलत होती. मी कुरकुरलो, टाचेशी सैल झालो, जमेल तेवढा वाकडा झालो. तर तिने वाकून माझी नाडी आणखी आवळली. बुटाला जीभ असते, पण आवाज नसतो, हे मला त्या दिवशी फार लागलं. घरी आल्यावर काळ्या मोज्यावरचा डाग तिला दिसला नाही. धाकटीची त्या दिवशी सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशीही. दोन दिवस थोरली त्या खिळ्यावर उभी राहून कापड कापत होती, आणि काप नेहमीसारखाच सरळ होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी उंबऱ्यावर अदलाबदल झाली. धाकटीने सवयीने आत हात घालून गादी ओढली. ती चिकटली होती. जोर लावून ओढली तर तिच्या बोटाला टोचलं. तिने गादी उजेडात धरली. खालून पिवळी, वरून काळपट लाल आणि ओली. तिने आधी आपलं बोट पाहिलं. बोटातून थेंबभर रक्त आलं होतं, एवढं सगळं काही बोटातलं नव्हतं.

"ताई, पाय दाखवा," ती म्हणाली.

थोरली म्हणाली, पायाला काय धाड भरलीय, तुला उशीर होतोय, जा. धाकटी जागची हलली नाही. तिने थोरलीला स्टुलावर बसवलं, मोजा उतरवला आणि तळवा वर केला. जखम तोंड उघडून बसली होती, भोवती सूज, आणि वासही यायला लागला होता. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरली मात्र वाकून वाकून बघत होती, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तशी. त्या दिवशी धाकटी कामावर गेली नाही. खिळा काढलेला मी तिच्या पायात, थोरली चपलेत, अशा दोघी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. मग थोरलीला डोळे मिटायला सांगून त्या म्हणाल्या, मी पायाला ब्रश लावते, जिथे कळेल तिथे हो म्हणा. त्यांनी अंगठ्याला ब्रश लावला, चवड्याला लावला, टाचेला लावला. दुसऱ्या पायालाही लावला.

शेवटी थोरलीच म्हणाली, "अहो, लावा ना आता. किती वेळ डोळे मिटून बसू?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला डोळे उघडायला सांगितलं आणि सगळं नीट समजावलं. साखरेने पायांची जाणीव गेली होती. आग थांबली तो गुण नव्हता, ती शेवटची सूचना होती. आणखी आठवडाभर हे असंच राहिलं असतं तर बोटं कापावी लागली असती, कदाचित पाऊलही. आता मात्र पाय वाचेल, पण रोज पट्टी, वेळेवर गोळ्या, आणि जखम भरेपर्यंत पाय टेकायचा नाही. मग थोरलीने एकच विचारलं, मी पुन्हा उभी राहीन ना? बाई म्हणाल्या, सांगितलेलं ऐकलंत तर राहाल.

घरी आल्यावर धाकटीने रागाने आम्हा दोघांना कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन टाकलं. बरोबरच होतं तिचं. माझ्यावर सगळ्यांनी विश्वास टाकला होता. पण पलंगावरून थोरलीने हाक मारली. ती म्हणाली, "आण ते इकडे. तू त्यात पाय घालायचीस म्हणून तर कळलं. माझे एकटीचे असते तर कुणी हात घातला असता त्यात?" मित्रांनो, आजवर माझं पुष्कळ कौतुक झालं, पण हे ऐकून मी आतून जसा ओला झालो तसा कधी पावसानेही झालो नव्हतो.

जखम भरायला बरेच दिवस गेले. कारखान्याच्या मालकिणीने थोरलीची जागा भरली नाही. एवढा सरळ काप दुसरा कुठून आणायचा, असं ती म्हणाली, आणि टेबलापाशी एक उंच स्टूल ठेवून तिने थोरलीला परत बोलावलं. थोरलीसाठी दुकानदारकाकाने रुंद तोंडाचा, आत एकही शिवण न टोचणारा जोड शोधून दिला. तोही खालच्या फळीवरचाच बरं का. सामायिकपणा छत्रीपुरता उरला. मी धाकटीचा झालो. तिने मला तळ गुळगुळीत होईपर्यंत वापरलं, चांभाराकडून दोनदा शिवून घेतलं, नाड्या बदलल्या. आता टाच चेपून, मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालताना तेवढं मला पायात सरकवते. मला कसलीही तक्रार नाही. एका बुटाच्या वाट्याला दोन माणसांची माया येते कुठे?

इथून मला घरातलं सगळं दिसतं. रोज संध्याकाळी थोरली स्टुलावर बसते आणि धाकटी दिव्याच्या उजेडात तिचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग थोरलीचे बूट पालथे करून झटकते आणि आत हात फिरवते. सुरुवातीला थोरली वैतागायची, मी काय तान्ही आहे का म्हणायची. आता ती आपणहून पाय पुढे करते. परवा म्हणाली, "बघ गं बाई. मला काही सांगत नाहीत ते. तुला तरी सांगतील."

तेव्हा मित्रांनो, बूट घ्याल तेव्हा वाकून खालच्या फळीवर जरूर बघा, आणि आम्हाला जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरात कुणी आजी, काका, आत्या असेल, जिला किंवा ज्याला साखरेचा आजार आहे आणि जी व्यक्ती पाय दुखत नाहीत म्हणून खुशीत आहे, तिच्याजवळ आज जरा खाली बसा. तिचा पाय मांडीवर घ्या आणि तळवा बघा.