शनिवारचे हरभरे

"दुर्गे, मी गेल्यावरबी मारोतीच्या वानराईले उपाशी ठिऊ नोको. शब्द दे मले."

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या हातावर दुर्गाबाईंनी हात ठेवला होता. तेव्हापासून दर शनिवारी हिवरखेडच्या शिवेवरल्या मारोतीपुढे त्या भिजवलेले हरभरे नेत. वानरं त्यांच्या ओंजळीतूनच खात. यंदा थंडीत खोकल्यानं जीव नकोसा झाला, अंगात कणकण होती, तरी त्यांनी नेम मोडला नाही.

मग वानरं शिंकू लागली. पिलं मरू लागली. एक लंगडी वानरीण मेलेलं पिलू पोटाशी धरून पारावर बसून राही.

दुर्गाबाईंची लेक रागिणी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत विषाणूंचा अभ्यास करी. तिनं वानरांचे नमुने नेले, गावातल्या खोकणाऱ्या माणसांच्या घशातलेही नेले. आईचाही त्यात होता.

गुरुवारी ती घरी आली आणि चपलाही न काढता ओट्यावरच बसली.

"आई, विषाणू नवा निघाला. याआधी कोणालेच सापडला नव्हता."

"मंग पेढे वाटाचे सोडून तोंड काहून पाडलं?"

"त्याची जनुकं वाचली आमी. चिखलदऱ्याच्या रानातल्या वानरांत तो नाही. देवळाजवळच्या टोळीतच आहे. अन् त्याची आधीची पिढी सापडली ती आपल्या गावच्या माणसांत. माणसांतून गेला तो तिकडं."

दुर्गाबाई पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"माह्यातून?"

"कोणातून, ते नाही सांगता येत. सारं गावच चारते त्याईले."

"पण माह्या घशात होता?"

रागिणीनं मान खाली घातली. "हातानं चारणं बंद कर, आई. रानात पाला आहे, फळं आहेत. जगतीन ते."

"मी त पुण्य करून राह्यली होती, बाई," दुर्गाबाई हलकेच म्हणाल्या.

शुक्रवारी हरभरे भिजले नाहीत. शनिवारी पूजा आटोपून त्यांनी वडाच्या फांद्या तोडल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळल्या.

"ओढ्यापल्याड लावतो," त्या म्हणाल्या. "देवळापासून लांब."

"फळं कधी धरतीन, आई?"

"मी गेल्यावर. वानरं त राहतीन ना."

तोंडाला पदर बांधून त्या निघाल्या. पारावरची वानरं उतरून जवळ आली, रिकाम्या हातांकडे पाहू लागली. लंगडीनं हात पुढे केला. दुर्गाबाईंनी लांबूनच मारोतीला हात जोडले, डोक्यावरचं पोतं सावरलं आणि न थांबता ओढ्याची वाट धरली.