दीड इंचाचा दोष

मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबकळणारी, साठ इंचांची. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीसारखी मी ताठ नाही, पण माझा शब्द कधी खोटा पडला नाही. म्हणूनच हे सांगताना जीव तुटतो.

कारखान्यात माझ्यावर रेघा उमटल्या आणि मी मास्तरांच्या दुकानात आले. "एकदा माप घेतलं की बघायला नको," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी मनातून फुगायची.

मास्तरांची थोरली बहीण, ताई, दुकानात काजं-बटणं करायची. गेल्या वर्षी ती उंबऱ्याला अडखळली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड का मोडावं, हे कोणी विचारलं नाही. प्लास्टर निघालं, ताई पुन्हा सुई ओवू लागली. "हाड जुळलं ना, मग झालं," म्हणून सगळे मोकळे झाले.

पुढे तिची पाठ दुखू लागली. ते दुखणं तिनं अंगावर काढलं. नवा गाऊन शिवायचा म्हणून मास्तरांनी मला तिच्या मानेपासून टाचेपर्यंत सोडलं. वहीतल्या जुन्या मापापेक्षा दीड इंच कमी भरलं.

"टेप ताणली गेलीय," मास्तर म्हणाले.

"बघ बाबा, नाहीतर नातीच्या मापाचा शिवशील!" ताई हसली.

नाचता येईना अंगण वाकडं! मला चिंध्यांच्या डब्यात टाकलं आणि गाऊन जुन्याच मापानं बेतला. तो जमिनीला लोळायचा. महिन्याभरात ताई स्टुलावरून उठताना त्याच्याच घेरात पाय अडकून पडली. खुबा मोडला. तिचं ओरडणं मी डब्यातून ऐकलं.

चौथ्या दिवशी मास्तर दवाखान्यातून आले.

"ताईचे दोन मणके आधीच दबलेले निघाले रे," ते दुकानातल्या कारागिराला म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, मनगट मोडलं तेव्हाच हाडं तपासायला हवी होती. म्हातारपणी एक मोडलं की दुसऱ्याची भीती असतेच. मणके दबले की उंची घटते म्हणे; ताईची कमी झाली होती का, असंही विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

मास्तरांनी मला डब्यातून काढून नव्या टेपशेजारी पसरलं. साठ इंचांत केसाचाही फरक नव्हता.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं, तर ते जुळलं म्हणून थांबू नका. डॉक्टरांना विचारा, हाडं तपासून घ्या. आणि माप कमी भरलं, तर आधी माणसाकडे बघा. मी खरं तेच सांगितलं होतं. ताई अजून उभी राहिलेली नाही.