खंडेनवमीचं ऑपरेशन

रमाकांत पाष्टे यांनी हॉस्पिटलचा हिरवा झगा अंगावरून उतरवला, दुकानात घालतात तशी त्याची चौकोनी घडी घातली आणि उशीवर ठेवली. मग ते पायजम्याकडे वळले. डावा पाय आत घालताना खुब्यातून कळ आली. त्यांनी पलंगाचा कठडा धरून डोळे मिटले, पण पायजमा सोडला नाही.

"सिस्टर, आमची फाइल द्या. आम्ही निघालो घरी."

सिस्टर मेलानीने घड्याळ पाहिलं. साडेसात झाले होते, ऑपरेशन नऊला होतं. खुबा बदलायच्या सकाळी माणसं काय काय कारणं सांगतात ते तिला पाठ होतं. पण हे कारण नवीन निघालं. पाष्ट्यांना तपासणीला खाली नेताना लिफ्टच्या दारावर झेंडूचं तोरण दिसलं होतं. परत येताना कॉरिडॉरमधल्या चहाच्या मशीनलाही हार. त्यांनी चौकशी केली आणि कळलं, आज खंडेनवमी. त्यांनी बोटांवर मोजलेल्या नवरात्रात ती उद्या होती.

खुबा माणूस बदलणार असता तर पाष्ट्यांची हरकत नव्हती. पण इथे तो रोबो बदलणार होता, म्हणजे मशीन. आणि पस्तीस वर्षं लालबागच्या मिलमध्ये लूम दुरुस्त केलेला माणूस खंडेनवमीला मशीन कामाला जुंपू देत नाही. त्या दिवशी मशीनला धुवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मिलच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, तरी नियम शाबूत होता. काळाचौकीच्या त्यांच्या खोलीत या दिवशी मिक्सरलाही सुट्टी असे आणि चटणी बायकोच्या, मीराबाईंच्या, हातावर पडे.

मीराबाई खिडकीशी बसून काही ऐकू येत नसल्यासारख्या मोसंबं सोलत होत्या. पाष्ट्यांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, तुला ठाऊक होतं का. मला काय ठाऊक, असं म्हणून त्यांनी मोसंब्याची बी काढली. वास्तविक नवरात्रातल्या प्रत्येक दिवसाच्या रंगाची साडी नेसायची त्यांनी गेल्या वीस वर्षांत चुकवली नव्हती. आज मात्र त्या कालच्या रंगात आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, तोंडाने खोटं बोलण्यापेक्षा साडीला बोलू द्यावं.

दोन वर्षं हा खुबा ऑपरेशनला हुलकावणी देत होता. आधी गणपती आडवे आले, मग पितृपक्ष, मग मुलाची, हितेंद्रची, नवी नोकरी. या गणपतीत मंडळाच्या पोरांनी पाष्ट्यांना खुर्चीत घालून तीन जिने खाली आणलं. गर्दीतल्या कुणीतरी मूर्तीसोबत त्यांच्याही पायाला हात लावला. ती खुर्ची त्यांनी कुणालाच माफ केली नव्हती.

पण खरी गोष्ट शिमग्याची होती. गावी पालखी घरोघर येते, तेव्हा घरच्या कर्त्याने गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन तिला आणायचं असतं. दोन वर्षं पाष्ट्यांचं दार बंद राहिलं आणि पालखी पुढे गेली. ऑपरेशन करणारे डॉक्टर पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांसाठी परदेशी चालले होते. आज ऑपरेशन झालं तर शिमग्याला गल्लीचं तोंड नक्की, असं ते म्हणाले होते. पुढे ढकललं तर त्यांनी शब्द दिला नव्हता. पाष्ट्यांना हे सगळं माहीत होतं. म्हणूनच पायजम्याची नाडी बांधायला त्यांना इतका वेळ लागत होता.

डॉक्टर ॲरन आले. ठाकूरद्वारच्या वाडीत वाढलेला, चाळिशीचा, उंच माणूस. त्यांनी आधी उशीवरची घडी पाहिली, मग स्टूल ओढून बसले.

"काका, माझे वडील मिलच्या बॉयलरवर होते. कायतान म्हणायचे त्यांना. खंडेनवमीला पेढे घेऊन यायचे घरी, म्हणून मला तारीख कळायची."

"मग तुम्हाला सांगायला नको."

"सांगायला नकोच. पूजा सकाळी सहाला झाली. थिएटरच्या स्टाफने केली. फुलं आत चालत नाहीत, म्हणून नुसतं कुंकू लावलं, खाली चाकाच्या वरती. नारळ बाहेर जिन्यात फोडला."

पाष्ट्यांनी मान हलवली. जिना त्यांना फारसा पटला नव्हता.

"हे मशीन स्वतःच्या मनाने चालतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हात माझाच. मशीनचा दांडा त्या हातासोबत चालतो. तुमच्या खुब्याचा नकाशा त्यात आधीच भरलाय. हात त्या नकाशाबाहेर जरा जरी गेला, की दांडा अडतो, पुढे जाऊ देत नाही.

"म्हणजे धागा तुटला की लूम थांबायचं, तसं."

"तसंच."

पाष्ट्यांची मुद्रा थोडी सैल झाली. शेजारच्या खात्यातल्या फिटरशी बोलावं तसं त्यांनी तेलपाण्याचं विचारून घेतलं.

"पण काका, एक सांगा," डॉक्टर म्हणाले. "पूजा झाल्यावर मशीन लगेच बंद करायचात?"

पाष्ट्यांना खोटं बोलायचं तर आता बोलायला हवं होतं.

"नाही. मुहूर्ताचं म्हणून हातभर कापड काढायचो. मग बंद."

"मग आज एकच ऑपरेशन आहे. मुहूर्ताचं."

सिस्टर मेलानीने हातातली आजच्या ऑपरेशनांची यादी हळूच पाठीमागे नेली. तीत चार नावं होती.

पाष्टे बराच वेळ नाडीची गाठ बघत राहिले. मग त्यांनी ती सोडली.

"मुहूर्ताचा माल खराब निघालेला आमच्या खात्यात कधी चालला नाही," ते झग्याची घडी उलगडत म्हणाले. एवढं म्हणेपर्यंत त्यांचा आवाज कापरा झाला होता आणि ते काही खंडेनवमीमुळे नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना समजलं. मीराबाईंनी मोसंबं ठेवून त्यांच्या झग्याच्या मागच्या नाड्या बांधल्या. त्यांना डबल गाठ मारायची सवय होती.

ऑपरेशन दीड तास चाललं. कमरेखालचं बधिर करून त्यांना गुंगी दिली होती. मशीन ऐकायचंय, म्हणून जागं ठेवा, असं पाष्ट्यांनी बजावलं होतं. ते पहिल्या पाच मिनिटांतच घोरू लागले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मीराबाईंना सांगितलं, आवाज स्वच्छ आहे, बेअरिंग नवं दिसतंय.

संध्याकाळी त्यांना वॉकर धरून उभं केलं. दोन पावलं टाकली, बसले. जखम दुखत होती. पण दोन वर्षांची ती जुनी, आतली कळ त्यांनी शोधून पाहिली, ती काही सापडली नाही. सापडत नाही म्हणून ते रात्री जेवताना दोनदा हसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. डॉक्टर ॲरन राउंडला आले, तेव्हा पाष्टे वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरून पलंगापाशी उभे होते. हितेंद्र पहाटेच आपट्याची पानं देऊन, पाया पडून गेला होता.

"असेच उभे राहा, काका," डॉक्टर म्हणाले. दोन्ही टाचा एका पातळीत आल्यात का ते पाहायला ते खाली वाकले आणि त्यांनी एकेका पावलाला हात लावला.

पाष्ट्यांनी खाली पाहिलं. सणाचा दिवस, पोरगा पायाशी. त्यांनी वॉकरवरचा उजवा हात काढला आणि डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवला.

"औक्षवंत व्हा. वडिलांसारखेच पेढे न्या घरी."

हात सुटलेला पाहून सिस्टर मेलानी पुढे धावली. मीराबाईंनी तिचं मनगट धरलं.

टाचा सारख्या होत्या, ते डॉक्टरांना केव्हाच दिसलं होतं. ते वाकलेलेच राहिले.