कुडोकाकूंचे मुळे

यासोकिचींनी कुडोकाकूंच्या धुरीघरातले मुळे उतरवून स्वतःच्या पिंपात भरले आणि सगळ्या आळीत बोभाटा झाला.

उत्तर जपानातल्या योकोतेच्या बाजूला थंडी सुरू झाली की घरोघर मुळे आढ्याला टांगतात, खाली लाकडं धुमसत ठेवतात आणि मग ते कोंड्यामिठात मुरवतात. आळीतल्या निम्म्या बायका हे काम यासोकिचींकडूनच शिकल्या होत्या. अशा माणसानं शेजारणीचे मुळे उचलावेत!

त्यांची सून तोमिए वर्षभर त्यांचे प्रकार बघत होती. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, नळ वाहता राहायचा, आणि विचारलं की म्हातारा नुसता हसायचा. "सोंग आहे सोंग!" ती दुकानात बायकांना सांगायची. "बर्फ उपसायची वेळ आली की बरोबर विसरतात. जेवायचं विसरलेत कधी?" बायका खिदळायच्या. तिचा नवरा नोकरीपायी सेंदाईला राहायचा. "वय झालं, चालायचंच," म्हणून तो फोन ठेवायचा.

त्या दिवशी मात्र तिचा तोल गेला. सासऱ्याची बाही धरून तिनं त्यांना कुडोकाकूंच्या दारात उभं केलं. चार शेजारी जमलेच होते.

"वाका, बाबा."

"अगं, पण मुळे माझेच..."

"आणखी खाली! लाज आणलीत घराला."

म्हाताऱ्यानं गुडघे टेकले, ओल्या मातीत दोन्ही हात ठेवले आणि कपाळ खाली नेलं. कुडोकाकू पुटपुटल्या, "पुरे गं तोमिए, पुरे." तोमिएला तेव्हा आपण शिस्त लावली असंच वाटलं.

पुढं बर्फात ते वाट चुकले, तेव्हा नवरा धावत आला आणि तिघं शहरातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं.

"हे पांढरे डाग दिसतात? इथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. ब्लडप्रेशर जुनं आहे का?"

"तिशी-चाळिशीपासून," नवरा म्हणाला. "गोळ्या कधी घेतात, कधी नाही. आणि लोणच्याशिवाय घास उतरत नाही."

"रक्तवाहिन्या नुसतं रक्त पोचवत नाहीत. मेंदूतला गाळ बाहेर जायची एक वाटही त्यांच्या कडेकडेनंच असते. वर्षानुवर्षं दाब राहिला की त्यांच्या भिंती कडक होतात, झिरपायला लागतात, आणि गाळ मागं राहतो. बाबांना अल्झायमर दिसतोय, आणि हेही आहे. कशामुळं किती, ते नेमकं सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना बळ देतात."

"म्हणजे ते मुद्दाम..." तोमिए बोलून गेली.

"मुद्दाम?" बाईंनी मान वर केली.

"काही नाही," ती म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. नवऱ्याकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.

आता ती गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर बसायची. यासोकिची मुळ्यांचं सगळं विसरले. पण कुडोकाकू रस्त्यात दिसल्या की ते थबकत आणि कमरेत वाकत.

"माफ करा. माझी चूक झाली."

"कसली हो चूक?" काकूंनी एकदा विचारलं.

"ते आठवत नाही. पण मोठीच असणार."

मागून येणाऱ्या तोमिएनं ते ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. त्याच दुपारी ती काकूंच्या ओसरीवर जाऊन बसली आणि दवाखान्यातलं सगळं सांगून मोकळी झाली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," काकू म्हणाल्या. "आमचे हे असेच गेले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा अवतार बघून तोंड उघडवेना. मीही उभी राहून बघितलंच ना गं." काकूंनी चहा ओतला, पण दोघींनीही तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. त्याच बायका होत्या. "बाबांचं सोंग नव्हतं," ती म्हणाली. "आजार होता. मी त्यांना चारचौघांत मातीत वाकवलं आणि इथं येऊन तुम्हाला हसवलं."

कुणी हसलं नाही. एकीनं टोफूचा डबा उगाच उलटून बघितला. दुसरी हळूच म्हणाली, "असू दे गं, माहीत नव्हतं तुला."

तोमिएला ते सोसवेना. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काहीच न घेता ती दुकानाबाहेर पडली.