एकतीस नंबरची जोडी

मला राग लवकर येतो. अमळनेरच्या एका तेलाच्या मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं मी कामगारांची हजेरी घेतली, उशिरा येणाऱ्यांच्या थापा ऐकल्या, त्यानं स्वभाव बिघडला असं आमच्या घरी म्हणतात. खरं तर तो आधीच बिघडलेला होता, मिलनं फक्त त्याला पगार दिला. मिलच्या कबड्डी संघाचा सगळा कारभारही माझ्याकडेच. पोरं मला तोंडावर नाना म्हणत. माघारी काय म्हणत तेही मला ठाऊक होतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा सहा संघांची स्पर्धा चालवली होती. अमळनेर, देवपूर, जळगाव, चोपडा, पारोळा आणि शिरपूर. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे ते संक्रांतीपर्यंत. खेळाडू पगारी असत, आणि शेतावरचा सालदार जसा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो तसे तेही आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वर्षभरासाठी ठरत. प्रत्येक संघानं चार जुने गडी ठेवायचे, बाकीचे सोडायचे, मग यादी समोर ठेवून पाळीपाळीनं एकेक निवडायचा. जो संघ शेवटी आला त्याची पाळी पहिली. त्या वर्षी पहिली पाळी आमची होती. दोन वर्षं ओळीनं शेवटी आल्याचं एवढंच बक्षीस.

शेवटी का येत होतो ते शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. चढाई करायला आमच्याकडे अभिमन होता, आणि सहाही संघांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. पण पकड करणारं एक माणूस नव्हतं. समोरचा चढाईला आला की आमचे कोपऱ्यावरचे गडी पाहुण्याला वाट करून द्यावी तसे बाजूला सरकत. पकड झाली तर आपला बाद झालेला एक गडी परत आत येतो. पकडच नाही, मग येणार कोण? एकेक करून सगळे बाहेर बसत आणि मैदानात अभिमन एकटा उरे. समोर सात. तरी तो जाई, आणि सातही जण त्याच्या पायांवर पडत. त्या संक्रांतीला देवपूरच्या मैदानावर त्याचा उजवा गुडघा असाच गेला. मिलच्या ट्रकमध्ये खाट टाकून आम्ही त्याला घरी आणलं.

दारात त्याची आई, वच्छलाबाई, उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नाना," ती म्हणाली, "चालता पोऱ्या लई जातस तुम्ही, नि खाटवर आनी देतस. परत असं व्हयनं ते मी त्याले खेळू देवाव नही."

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा बरा होईल, पण पुन्हा असाच मार बसला तर पोरगा जन्मभर पाय ओढत चालेल. खेळ बंद करायला अभिमन तयार नव्हता. मग मी वच्छलाबाईच्या ओट्यावर बसून तिला शब्द दिला, की पुढच्या संक्रांतीला हा स्वतःच्या पायांनी घरी येईल. शब्द देऊन उठलो. कोणाच्या जोरावर दिला, ते मलाच माहीत नव्हतं.

आमचे मालक सोहनलाल शेठ यांचं म्हणणं निराळं होतं. त्यांना चोपड्याचा एक चढाईवाला पोरगा हवा होता, कारण त्याला बघायला गर्दी लोटते. मी म्हणालो, शेठ, आपल्याकडे पीठ भरपूर आहे, चूल नाही. ते म्हणाले, लोक कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याला बघायला येत नाहीत. यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं.

त्याच उन्हाळ्यात मिलसाठी सरकी बघायला मी एसटीनं धरणगावला गेलो. जिनिंगच्या आवारात दोन हमाल ट्रक भरत होते. एक उंच आणि रुंद, त्याचं नाव वना. दुसरा बुटका, डोळ्यांवर कायम झोप असल्यासारखा, उखर्डू. सरकीचं थोरलं पोतं दोघांनी मध्ये धरलेलं, आणि जमिनीपासून ट्रकपर्यंत लावलेल्या अरुंद फळीवरून ते आडवे आडवे चढत होते. अर्ध्यावर उखर्डूचा पाय घसरला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पोतं जागच्या जागी होतं. वनानं त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, नुसता आपल्या अंगावर भार घेतला होता. उखर्डूनं पाय सावरला आणि दोघं पुन्हा वर निघाले. ट्रकमध्ये पोहोचल्यावर वना म्हणाला, "ठेव." दोघांचे हात एकाच वेळी सुटले.

मुकादमानं सांगितलं की अकरा वर्षं ही जोडी असंच काम करते. एकानं आधी सोडलं तर दुसऱ्याचा पाय मोडतो, म्हणून 'ठेव' म्हटल्याशिवाय कोणीच सोडत नाही. जत्रेतल्या कबड्डीत दोघं खेळलेही होते. मी मुकादमाला चहा पाजला आणि निवडीच्या यादीत त्यांची नावं पाठवायला सांगितलं. पहिल्या पाळीला वना, दुसऱ्या पाळीला उखर्डू, असा माझा बेत होता. त्या झोपाळू बुटक्याकडे दुसरा कोणी ढुंकून बघणार नाही अशी माझी खात्री होती.

निवड अमळनेरलाच होती, व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये. अध्यक्ष दलिचंद शेठ. ते जैन, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत, त्यामुळे त्यांच्यापुढचं कुठलंही काम दिवस मावळायच्या आत उरकायचं असा नेमच होता. आणि नेमकी त्या दिवशी शिरपूरची मंडळी वाटेत अडकली. ती आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दलिचंद शेठनी खिडकीतून ऊन बघितलं आणि जाहीर केलं की आज प्रत्येकाला एकच पाळी मिळेल, उरलेले गडी चिठ्ठ्या टाकून वाटले जातील.

अर्धी जोडी घेऊन मी काय करणार होतो? वना एकटा म्हणजे नुसता ताकदीचा माणूस, तसे गल्लोगल्ली सापडतात. घाम पुसत मी यादीवरून बोट फिरवू लागलो, आणि एकतीस नंबरला थांबलो. तिथे लिहिलं होतं, 'वना-उखर्डू, धरणगाव.' मुकादमानं हमालांच्या हजेरीत लिहितात तसंच लिहून पाठवलं होतं, जोडीला एक ओळ. कारकुनानं डोळे मिटून उतरवलं आणि ओळीपुढे एक नंबर टाकला. ही चूक होती, हे मला लगेच कळलं. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस मी, एरवी असल्या चुकीवर हॉल डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी मी गप्प बसलो.

आमचं नाव पुकारलं. सोहनलाल शेठनी माझ्या कानाशी चोपड्याच्या पोराचा नंबर सांगितला. मी उभा राहून म्हणालो, "एकतीस."

मागच्या बाकावरून दोघं उठले. आमच्याकडे सुपारी हातावर ठेवली की ठराव पक्का, मग माघार नाही. वना आणि उखर्डू दलिचंद शेठपुढे जाऊन उभे राहिले आणि दोघांनी हात पुढे केले. शेठच्या हातात सुपारी एकच होती.

देवपूरचा रुपचंद ताडकन उठला. तो त्यांच्या संघाचा गुरू, माझ्यासारखाच भांडकुदळ, आणि त्या दिवशी त्याची बाजू बरोबर होती. एका पाळीला एक माणूस, तो म्हणाला, नाना वर्षभर रडतात आणि आता दोन उचलून नेतात. हॉलमध्ये गलका झाला. दलिचंद शेठनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग त्यांनी वनालाच विचारलं, तुमच्यातला कोण जाणार?

"शेठ, आम्ही एकला जातस नही," वना म्हणाला. "वझं दोन्हीसनं शे."

ओझं दोघांचं आहे, अशी उखर्डूनंही मान हलवली. त्या दोघांना प्रश्नच कळला नव्हता असं मला वाटतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि घरून शेठना जेवायला बोलवायला माणूस येऊन दारात उभा होता. दलिचंद शेठ म्हणाले की बाजारात जे एका ओळीत लिहून येतं त्याचा एकच सौदा होतो, चूक लिहिणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही. मग त्यांनी खिशातून अडकित्ता काढला, सुपारीचे दोन तुकडे केले आणि एकेक दोघांच्या हातावर ठेवला.

सोहनलाल शेठ दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पहिला सामना झाल्यावर बोलले, तर मुकाट होते तेच बरं होतं असं वाटलं. झालं असं, की चोपड्याचा तोच नावाजलेला पोरगा आमच्यावर चढाईला आला आणि वना-उखर्डूनं हातात हात गुंफून त्याला असा धरला की त्याचे पाय अधांतरी झाले. लोक उठून उभे राहिले. आणि या दोघांनी त्याला उचलून नेलं, रेषेबाहेर नीट ठेवला आणि हात झटकले. रेषेबाहेर काढलेला गडी बाद होत नाही. गुण गेला, आणि तोही तीनदा. मी इतका ओरडलो की माझा घसा बसला. नंतर मिलच्या मागे त्यांना घेऊन बसलो आणि समजावलं, की ही रेषा म्हणजे गोदामाची भिंत. माल गोदामातच राहिला पाहिजे. शिट्टी ऐकू येईपर्यंत 'ठेव' म्हणायचं नाही. वनानं विचारलं, एवढंच का? मी म्हणालो, एवढंच. ओरडायची काही गरज नव्हती, हे मला घसा गेल्यावर कळलं.

त्यानंतर आमचं मैदान रिकामं पडलं नाही. पकडी होत राहिल्या, बाद झालेले गडी परत आत येत राहिले, आणि अभिमनला प्रत्येक वेळी जावं लागेना. तो दोनदा जाई, तिसऱ्यांदा दुसरा कोणी जाई. वर्तमानपत्रात छापून यायचं ते अभिमनचं नाव. कोपऱ्यातल्या दोघांचं एकदाही आलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

शेवटचा सामना संक्रांतीच्या आदल्या दुपारी, आमच्याच मैदानावर, देवपूरशी. चार मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत, आणि आमचे चौघे बाहेर. आत अभिमन, वना आणि उखर्डू. रुपचंदनं आपला सगळ्यात चपळ गडी पाठवला. तो कोणाला बाद करायला आलाय हे मला स्पष्ट दिसत होतं. ते दोघं गेले की अभिमन एकटा, समोर सात. मागच्या वर्षीचंच चित्र. मी मनात ठरवलं, तसं झालं तर सामना सोडून द्यायचा, शेठ काय करतील ते करोत. पांढरा रुमाल मुठीत धरून मी रेषेवर जाऊन उभा राहिलो.

देवपूरचा तो गडी उखर्डूला हात लावून मागे वळला. उखर्डूनं त्याचा घोटा धरला. त्या गड्यानं लाथ झाडली, ती उखर्डूच्या मनगटावर बसली, तरी पकड सुटली नाही. वनानं वरून त्याची कंबर आवळली. तिघं जमिनीवर घसरत मध्यरेषेकडे निघाले. वीतभर अंतर राहिलं. त्या गड्याचा हात रेषेकडे लांब होत होता. मग त्याचा दम तुटला. शिट्टी वाजली. पंचांनी दोनदा सांगितलं, तरी ते दोघं त्याला धरूनच होते.

मग वना म्हणाला, "ठेव."

आमचा एक गडी आत आला. पुढच्या चढाईला त्यांनी आणखी एक पकड केली, दुसरा आत आला. अभिमनला मी उरलेल्या वेळात एकदाही पाठवलं नाही. आम्ही दोन गुणांनी जिंकलो आणि स्पर्धेत तिसरे आलो. तिसऱ्याला चषक मिळत नाही. सोहनलाल शेठ मात्र इतके खूश होते की कोपऱ्यावरचे गडी बघायला लोक आलेत असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. मी भांडलो नाही. मुठीतला रुमाल खिशात टाकला.

दिवस मावळायच्या आत आम्ही वच्छलाबाईच्या घरी निघालो. अभिमन पुढे चालत होता, मी मागून नुसता त्याच्या पायाकडे बघत होतो. वना-उखर्डू माझ्या मागे. वच्छलाबाई ओट्यावरच होती. तिच्याजवळ एरंडाची पानं तोडून ठेवलेली दिसली, शेकायला विस्तवही तयार होता. माझ्या शब्दावर तिचा किती भरवसा होता ते मला कळलं, आणि त्याचा राग आला नाही.

तिनं लेकाला खाली बसवलं, सुजून गरम झालाय का ते बघायला त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबून पाहिला, मग दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पाहिला.

"थंडा शे," ती म्हणाली.

मी तिथेच पायरीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. हजेरीवाल्या नानाला रडताना पाहून अभिमननं तोंड फिरवलं.

वच्छलाबाईनं विचारलं, हे दोघं कोण? मी सांगितलं. तिनं त्यांना नीट पाहून घेतलं. मग एरंडाची पानं विस्तवावर धरून गरम केली, उखर्डूचं सुजलेलं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याला बांधली. उरलेलं एक पान वनाच्या हाताला बांधलं. त्याच्या हाताला काहीच झालं नव्हतं, पण त्यानं तो पुढे केला होता.