एक प्रश्न मागे

विवाह नोंदणी कार्यालय अरुंद रस्त्यापलीकडच्या इमारतीत, अगदी समोर होते. निबंधकांच्या कपातला चहा संपला की नाही, हेही खिडकीतून दिसे. परंतु शासनाने प्रत्यक्ष भेटी बंद करून सारे विधी संगणकावर आणले होते. त्यांना पुरेल एवढे ब्रॉडबँड आणायचे तेवढे राहिले होते. म्हणून वधूवर दिवाणखान्यातच पडद्यापुढे बसले. आज नोंदणी हुकली, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. आणि वराला परवाच परदेशी नोकरीवर निघायचे होते. प्रमाणपत्राशिवाय बायकोला नेता येणार नव्हते.

निबंधकांनी विचारले, विवाह स्वेच्छेने करता ना? वधू ‘हो’ म्हणाली. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. ठरलेला अवधी संपताच यंत्रणेने आपणहून पुढचा प्रश्न उभा केला: यापूर्वी आपला विवाह झाला आहे काय? नेमका तेव्हाच मागचा ‘हो’ येऊन ठेपला. यंत्रणेने तो टिपून घेतला आणि घटस्फोटाचे कागद मागितले.

“निदान त्याचं नाव तरी सांगायचंस आम्हाला,” वधूच्या आत्या म्हणाल्या.

यंत्रणा दोनदाच प्रयत्न करू देई; आता एकच संधी उरली होती. वराच्या तोंडचे पाणी पळाले. वधूपिता मात्र तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मते उत्तर चुकीचे नव्हतेच, ते केवळ उशिरा पोहोचत होते. आणि उशिरा पोहोचणाऱ्याने लवकर निघावे, एवढाच त्यावर उपाय होता. त्यांनी खिडकीतून निबंधकांना हाक मारली.

“साहेब, प्रश्न आधी खिडकीतून विचारा. यंत्रावर मागाहून वाचा.”

“नियमात बसत नाही.”

“नियमात खिडकीला बंदी आहे का?”

निबंधकांनी नियमावली उघडली. तीही संगणकावरच होती. चक्र फिरू लागले. निबंधक निमूटपणे खिडकीत आले.

मग रस्त्यापलीकडून प्रश्न गरजू लागले. वधू पडद्याला उत्तर देई. निबंधक लगबगीने खुर्ची गाठून तोच प्रश्न यंत्रावर वाचीत, आणि उत्तर अगदी वेळेवर दाखल होई. खालच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाचीही तक्रार नव्हती. अखेरचा ‘हो’ त्या दोघांनी आधी ऐकला, त्यामुळे टाळ्या खालून पडल्या आणि यंत्रणेचे अभिनंदन मागाहून आले.

प्रमाणपत्र उतरवून घ्यायला संध्याकाळ होणार, हे दिसताच निबंधकांनी ते छापले, कागदमुक्त कार्यालयात बेकार झालेल्या पेपरवेटला गुंडाळले आणि नेम धरून फेकले. ते खिडकीतून आत आले आणि थेट ब्रॉडबँडच्या डबीवर आदळले.

“बंद पडलं का हो ते?” आत्यांनी विचारले.

प्रमाणपत्राच्या सुरकुत्या काढीत वधूपिता म्हणाले, “सांगता येत नाही.”