डाव्या पायाचं बोट

ज्वारीच्या त्या काळपट बिस्किटांतून सूर्यकांतरावांना मिळायचं होतं ते त्यांच्याच डाव्या पायाचं एक बोट. जखम भरत नव्हती. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गंगूताईंनी कढईत मीठ तापवून, वर ताट झाकून पहिला घाणा भाजला आणि बशी नवऱ्यापुढे सरकवली. ज्वारीचं पीठ, जवस, तीळ, शेंगदाण्याचा कूट आणि गोडाला मोजके दोन खजूर. कळमनुरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं, अनुश्रीनं, फोनवर शिकवलेलं.

सूर्यकांतरावांनी बिस्किट बशीवर वाजवून पाहिलं.

"हे खायाचं हाये का छपरावर घालायचं? कवेलूच हाये की."

"चहात बुडवा, मऊ पडतंय."

"चहातबी साखर न्हाई, कवेलूतबी न्हाई. काहून जगायचं माणसानं?"

"बोटासाठी," गंगूताई म्हणाल्या.

खरी अडचण बिस्किटांची नव्हती, पेढ्यांची होती. सूर्यकांतराव नरसीला देवळाच्या कचेरीत अभिषेकाच्या पावत्या लिहीत. दर्शन करून परतणारा माणूस त्यांच्या टेबलावर दोन पेढे ठेवी. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, टाकता तर मुळीच येत नाही. तीस वर्षं त्यांनी तो इमानानं खाल्ला. त्या इमानात आवडीचा वाटा किती, हे विचारायची सोय नव्हती.

गंगूताईंनी करार केला. "तिथं खायाचा न्हाई. रुमालात बांधून घरी आणायचा. मी वाटून टाकते."

"सगळा?"

"सगळा. माझ्यासमोर रुमाल झटकायचा."

त्यांनी करार पाळला. रोज संध्याकाळी रुमाल सुटे, गंगूताई पेढे वाटीत घेऊन आत जात आणि थोड्या वेळानं वाटी घासून पालथी पडलेली असे. नरसीत दर दुसऱ्या घरी प्रसाद येतो, शेजारच्या चंदाबाईचं तर दुकानच पेढ्यांचं. मग हे पेढे घेतं कोण, असा प्रश्न जन्मभर पावत्यांचा मेळ घालणाऱ्या माणसाला पडला नाही. बोट भरत आलं होतं.

तीन महिन्यांनी अनुश्री साखर तपासायचं यंत्र घेऊन आली. सकाळी उपाशीपोटी वडिलांची भरली एकशे अठरा.

"बाबा, बोट तुमचं झालं."

मग सहज तिनं आईचा हात धरला.

"माझं काहून? मला काय झालंय?"

यंत्रावर दोनशे नव्वद आलं. अनुश्रीनं दुसऱ्या बोटाला टोचलं. तेवढंच.

"आई, पेढे वाटून राहिली होतीस ना तू?"

गंगूताई कोरडी बशी पुसत राहिल्या. "पयल्या दिवशी चंदाबाईकडं नेले. ती म्हनली, ताई, हे माझ्याच दुकानातले. दुसरं कोनी घेईना. प्रसाद काय उकिरड्यावर टाकू?"

"आधीपासूनबी असंल थोडी साखर. तपासली कोनी होती तुझी?" अनुश्रीचा आवाज खाली आला. "बिस्किटं तरी खायची."

"ती यांच्या बोटाची होती."

दुसऱ्या दिवशी टेबलावर पेढे आले तसे सूर्यकांतरावांनी ते कपाळाला लावले, चिमूटभर तोंडात टाकला आणि उरलेले रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातावर ठेवले. "घ्या, प्रसाद हाये." तीस वर्षांत एवढं सोपं त्यांना सुचलं नव्हतं.

रविवारी त्यांनी स्वतः कढई चढवली. निम्मा घाणा करपला. उरलेला त्यांनी दोन बशांत सारखा मांडला, बिनसाखरेच्या चहाचे दोन कप ठेवले.

गंगूताईंनी बिस्किट बशीवर वाजवलं. "कवेलूच हाये."

"चहात बुडव," ते म्हणाले.

बोट वाचलं सूर्यकांतरावांचं. किंमत भरली गंगूताईंनी, रोज संध्याकाळी, आतल्या खोलीत, एकेक पेढा करून; आणि तिची पावती फाडायची सूर्यकांतरावांकडून राहून गेली होती.